बगळ्याला शिकवलेला हात

१३ नोव्हेंबर १९८९

आज रुजू झाले. डहाणूहून एस.टी.नं तलासरीला पोचायला सव्वा तास लागला. त्यात चारोटीला गाडी दहा मिनिटं नुसतीच उभी होती. ड्रायव्हर चहा पीत होता आणि मी घड्याळ बघत होते.

कारखान्यात गॅसच्या शेगडीचे पितळी कॉक बनतात. मॅनेजर दर्शनभाई उंबरगावचे. तोंडभरून हसतात. म्हणाले, "लतिकाबेन, तीन इंजिनियरनी तलासरीचं नाव ऐकून ना पाडली. तुम्ही हा बोललात एटले अडधं काम थयुं समजा." मी खुश झाले. खरं तर बाबा रेल्वेत असताना माझं सगळं लहानपण डहाणूत गेलं, त्यामुळे मला या भागाची भीती कसली? आता बाबा निवृत्त होऊन दादाकडे भुसावळला आहेत आणि आमच्या क्वार्टरमध्ये दुसरीच माणसं राहतात. मी डहाणूतच मसोलीत खोली घेतली आहे. तिथं ओळखीचं कुणी नाही, पण निदान रस्ते ओळखीचे आहेत.

मशीन अजून खोक्यात आहे. जपानी बनावटीचा, पाच सांध्यांचा, वापरलेला हात. सहा महिन्यांत तो चालू करून द्यायचा, असा करार आहे.

२२ नोव्हेंबर

बायकांना कुणीतरी 'यंत्रमानव' येणार म्हणून सांगून ठेवलं होतं. त्यांना वाटलं, डोकं आणि पाय असतील. खोक्यातून एक वाकडा लोखंडी हात निघाला तेव्हा सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या. मान खाली घालून टोच मारतो म्हणून त्यांनी त्याला 'बगळा' नाव ठेवलं. दोनच दिवसांत दर्शनभाईही बगळाच म्हणायला लागले.

काम साधं आहे. कॉकच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यात पिन बसवायची. बगळा अगदी ठरल्या जागी पिन नेतो. पण पितळेचं प्रत्येक ओतकाम केसभर वेगळं असतं, त्यामुळे भोक ठरल्या जागी नसतं. पिन काठावर आपटते आणि वाकते. शंभरातल्या चाळीस वाया.

दुपारी बायका बाहेर शिरीषाखाली जेवायला बसतात. मी डबा घेऊन गेले, तर सगळ्या गप्प झाल्या आणि सरकून एवढी जागा करून दिली की मी मध्ये एकटीच दिसायला लागले. उद्यापासून टेबलावरच जेवेन. ऑफिसातले पुरुष दर्शनभाईंच्या केबिनमध्ये जेवतात. तिथं कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी गेले नसते.

३० नोव्हेंबर

बगळ्याच्या मनगटात संवेदक बसवला. पातळ पोलादी पट्टी, तिच्यावर चिकटवलेली केसासारखी बारीक तारेची जाळी. पट्टी कणभर वाकली तरी तारेचा विद्युतरोध बदलतो आणि मीटरचा काटा हलतो. चिकटवायला चार दिवस गेले, कारण खाडीकडून येणाऱ्या दमट वाऱ्यानं गोंद वाळतच नव्हता.

आता कशाला तरी टेकलो, एवढं बगळ्याला कळतं. टेकल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही. थांबतो आणि तसाच उभा राहतो. मला त्याची दया आली. हे लिहिणं वेडेपणाचं आहे, पण वाचणार कोण आहे!

१४ डिसेंबर

जुळणीच्या खोलीत बावीस बायका आहेत. त्यांत पुतळीबाई सगळ्यांत सरस. वय चाळिशीचं, डोंगराकडच्या पाड्यावरून येते. दिवसाला नऊशे पिना बसवते आणि तिची एकही वाकत नाही. मी तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसले.

आश्चर्य म्हणजे ती हाताकडे बघतच नाही. तोंड समोरच्या भिंतीकडे आणि बोटं आपली आपण चालू. सरावानं माणूस कुठवर जातं! तिच्याजवळ तुळशी नावाची मुलगी बसते. ती पुतळीबाईचा ट्रे भरून देते आणि दरवेळी मोठ्यानं सांगते, "काकी, डाव्या अंगाला ठेवलं." दिवसातून पन्नास वेळा तेच. मी वहीत टिपून ठेवलं, की तुळशीचा वेळ यात फुकट जातो, ट्रेसाठी सरकती पट्टी करता येईल. तुळशीला तसं म्हटलं, तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं काही चोरलं.

४ जानेवारी १९९०

पुतळीबाईला विचारलं, "तुम्ही नेमकं काय करता? मला शिकवाल?"

"मना काय शिकवता येतं? हात करतो."

"हात काय करतो ते सांगा."

तिनं माझा हात धरला. तिची बोटं खरखरीत, पण पकड इतकी हलकी की धरलंय हे जाणवू नये. म्हणाली, "डोळं मीट."

मी मिटले.

"पिन सरळ नको नेऊ. सरळ नेली का काठ आडवा येतो. वायीच तिरकी धर. आथा टेकव. टेकली? ढकलू नको. नुसती वढ, आपल्याकडं. हां... आथा कशी एक बाजू खाली गेली? तिथं हाय भोक. आथा सरळ कर. आपसूक जाते."

पिन गेली. मी डोळे उघडून हसले, तर ती भिंतीकडे बघून हसत होती.

एक गोष्ट मात्र खरी, या बाईचं माझ्याकडे लक्ष असतं. मी मागून आले तरी चपलेच्या आवाजावरून ओळखते, "लतिकाबाय, आलीस?" म्हणते. या कारखान्यात मी आले-गेले हे दुसऱ्या कुणाच्या ध्यानातही येत नाही.

१८ जानेवारी

झालं! बगळा आता पिन तिरकी धरतो, टेकवतो, काटा हलला की थांबतो, मग स्वतःकडे ओढतो. काटा एकदम खाली पडला की समजायचं, भोक सापडलं. मग पिन सरळ करून आत. शंभरात त्र्याण्णव बसल्या. दर्शनभाईंनी पेढे वाटले.

मी पुतळीबाईला सांगायला धावले. ती म्हणाली, "बरं झालं, बाय." मग विचारलं, "मंग आथा आमचं काय?"

मी म्हटलं, "तुम्हाला कोण हात लावणार? तुम्ही तर त्याच्या गुरू आहात."

असं बोलायचा मला काय अधिकार होता, ते बसमध्ये आठवलं. उद्या दर्शनभाईंना विचारते.

२३ जानेवारी

विचारलं. म्हणाले, "जोईशुं." बघू.

६ फेब्रुवारी

आज फार छान वाटतंय. तुळशी तापानं आली नव्हती. सुटी झाल्यावर पुतळीबाई जागेवरच बसून राहिली. बाकीच्या गेल्या तरी उठेना. मी विचारलं, "जायचं नाही?" तर म्हणाली, "तू हायवेकडंच जातेस ना? चल, संगं जाऊ."

फाटकाबाहेर पडल्यावर तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. रोज तुळशीच्या खांद्यावर ठेवून चालते तसाच. मी त्या दोघींना मागून पाहायची आणि वाटायचं, आपल्याला अशी एक मैत्रीण असती तर. रस्ताभर ती फारसं बोलली नाही. मीच बोलत होते, बाबांविषयी, क्वार्टरच्या मागच्या चिंचेविषयी, काय वाटेल ते. एका ठिकाणी नाली आली तेव्हा तिनं खांदा घट्ट दाबला. मी म्हटलं, "नाली आहे, जपून," आणि ती म्हणाली, "अशीच सांगत जा."

तिच्या पाड्याकडची जीप आली. तिला हात देऊन चढवलं. डहाणू येईपर्यंत खांद्यावर तिचा हात असल्यासारखं वाटत होतं. आई गेल्यापासून कुणी माझ्या अंगाला असा सहज हात लावला नव्हता.

२६ फेब्रुवारी

मुंबईचे शेठ पुढच्या आठवड्यात बगळा बघायला येणार. माझा अहवाल त्यांच्याकडे गेला. मला सर्वांत अभिमान आहे तो चौथ्या पानाचा. शेठच्या मनात बगळ्यासाठी लाखो रुपयांचा कॅमेरा घ्यायचा होता. मी लिहिलं, की या कामाला डोळ्यांची गरजच नाही, कारण आमच्या खात्यातली सर्वांत कुशल कामगार स्त्री पिन बसवताना एकदाही हाताकडे बघत नाही, सारं काम स्पर्शानं करते.

शेठनी फोनवर दर्शनभाईंना सांगितलं, ती बाई आम्हाला दाखवा. मी सुचवलं, डोळ्यांना पट्टी बांधून बगळ्याच्या शेजारी बसवू. दर्शनभाईंना कल्पना फार आवडली.

पुतळीबाईला सांगितलं, तर ती हळूच म्हणाली, "मना नको उभी करू, बाय. चार लोकांत नको."

"अहो, लाजता कसल्या? सगळ्यांना कळू दे तुमचं कौशल्य."

"नको म्हणलं ना."

तुळशी मध्ये पडली, "काकीला बरं नाय वाटत, बाई. दुसऱ्या कुणाला बसवा." मी म्हटलं, दुसरं कुणाला जमणार? तुळशीला बहुधा स्वतःला बसायचं असावं.

७ मार्च

कार्यक्रम सुरेख झाला. एका बाजूला बगळा, दुसऱ्या बाजूला पुतळीबाई. पट्टी मीच बांधली. दहा मिनिटांत तिच्या बत्तीस पिना, बगळ्याच्या चोवीस. शेठनी टाळ्या वाजवल्या.

मी पट्टी सोडली. शेठ पुढे झाले आणि साडीचं खोकं तिच्यासमोर धरून म्हणाले, "घ्या, बाई." ती भिंतीकडे पाहत बसून राहिली. दोन्ही हात पुढे केले, पण खोकं होतं उजवीकडे आणि हात गेले डावीकडे. तुळशीनं पटकन पुढे होऊन खोकं तिच्या हातात ठेवलं.

बिचारी किती बुजली होती! शेठसमोर मान वर करायचीही हिंमत झाली नाही. दर्शनभाई मात्र तिच्याकडे बराच वेळ टक लावून बघत होते. नंतर माझं अभिनंदन करायलाही विसरले.

८ मार्च

पुतळीबाई आली नाही. तुळशीही नाही. दोघींच्या जागा रिकाम्या आहेत आणि बाकीच्या बायका माझ्याशी एक शब्द बोलत नाहीत. काल दमली असेल.

१० मार्च

तुळशी फाटकाबाहेर उभी होती, हिशेबाचा कागद न्यायला. मी विचारलं, "पुतळीबाई कशी आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमाला खरंच ठावं नव्हतं?"

"काय?"

"काकीला दिसत नाय. चार वर्सं झाली. उजेड-अंधार तेवढा कळतो. मी तिला हात धरून आणायची, जागा दावायची, ट्रे सांगायची. बावीस जणींना ठावं होतं. एकीनंबी तोंड उघडलं नाय. आन् तुमी..." मग म्हणाली, "मनाबी काढलं. लपवलं म्हणून."

मी तिथंच उभी राहिले. ती गेली तरी उभीच होते.

रात्री ही वही मागं चाळली. ट्रे. भिंत. चपलेचा आवाज. नाली. सगळं मीच माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय. सहा फेब्रुवारीचं पान वाचवेना. तिला त्या दिवशी खांदा हवा होता. रस्ता चालायला.

१३ मार्च

दर्शनभाईंच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "चार वर्षांत त्या बाईनं एक पिन वाकवली नाही. कुठल्या गुन्ह्याबद्दल काढलं?"

त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "लतिकाबेन, बेसो. रोज सकाळी ती प्रेस मशीनच्या बाजूनं जायची. काल मी जाऊन उभा राहिलो. प्रेस आणि वाट यांच्यात दोन हात जागा आहे. उद्या तिचा हात गेला, मग मी काय तोंड दाखवू? मला माहीत नव्हतं तोपर्यंत ठीक. आता माहीत झालं. कोणी सांगितलं? पान नंबर चार."

मी म्हटलं, प्रेसकडून यायचंच नाही. स्टोअरच्या पडवीला बाहेरून दार आहे, तिथं बाक टाका. कॉक हातानं फिरवून घट्ट-सैल तपासायचं काम तिच्याइतकं कोण करील? मी नकाशा काढून आणला होता. आणि तुळशीला परत घ्या, तिचा काय दोष?

त्यांनी नकाशा दोनदा बघितला. "शेठला दुसरा बगळा हवा आहे. तुम्ही करणार?"

सौदा मला कळला. दुसरा बगळा म्हणजे आणखी सहा-सात बायका घरी. मी म्हटलं, "नाही करणार. आणि तरीही मागते."

बराच वेळ ते पेन उघडत होते, मिटत होते. शेवटी म्हणाले, "दुसरा तर होणार. तुमची ड्रॉइंग इथं आहेत, कोणीपण करेल. पण ठीक छे. दोघींना बोलवा. पडवीत बसवा."

१६ मार्च

सुट्टी. तुळशीनं आधी यायला नकार दिला, मग आली. जीपनं आणि पुढे दोन मैल चालत पाड्यावर गेलो. शेतांत पालापाचोळ्याचे राब भाजत होते, धूर जमिनीलगत पसरला होता. पुतळीबाई अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तळव्यानं पसरायची, बोटांनी खडे वेचायची.

"लतिकाबाय?" चपलेवरूनच.

मी माफी मागितली. नीट जमलं नाही. मध्येच रडायला लागले, ते तर अगदीच चुकीचं. ती फुलं पसरत राहिली.

मग तिला पडवीचं, बाकाचं, बाहेरच्या दाराचं सांगितलं. तुळशी म्हणाली, "चल ना काकी." पुतळीबाईनं मान हलवली.

"तू जा. मी नाय येत."

"पण आता लपवायचं काहीच नाही," मी म्हटलं. "उलट सोपं होईल."

"चार वर्सं तिथं मना कोणी आंधळी नाय म्हणलं. पाड्यावर समदी म्हणतात. आंधळीला पाणी दे, आंधळीला बाजूला बसव. तिथं मी पुतळी व्हते, नऊशे पिनावाली." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "आथा तू पडवीत बसवशील. शेठ येईल, म्हणंल, बघा, आंधळी कशी काम करते. नको."

सरकती पट्टी, पडवी, बाक... मला नेहमी काहीतरी बसवता येतं, दुरुस्त करता येतं असं वाटतं.

निघताना तिनं विचारलं, "त्या बगळ्याला मी कधी पाहिला नाय. नुसता आवाज. सुट्टीच्या दिशी कोणी नसताना दावशील?"

११ एप्रिल

तुळशी कामावर येते. तिला बगळ्यावर ट्रे लावायला ठेवलंय. "बाई, ट्रे संपला," एवढंच बोलते. बरोबर आहे.

कालपासून विवळवेढ्याची महालक्ष्मीची जत्रा सुरू झाली. निम्मं खातं रिकामं आहे.

२० एप्रिल

शुक्रवार, आठवड्याची सुट्टी. सगळे जत्रेला. फाटकावर फक्त वॉचमन. तुळशीनं पुतळीबाईला मागच्या दारानं आणलं.

मी मेन स्विच बंद केला आणि तिचा हात बगळ्याच्या खांद्यावर ठेवला. तिथून ती स्वतःच पुढे गेली, दंड, कोपर, मनगट. मनगटावरच्या पट्टीपाशी बोट थांबलं. "हे काय, पातळ?"

"यानं त्याला कळतं, टेकलं की नाही."

"एवढंसंच?" तिनं पट्टीवरून नख फिरवलं.

मग म्हणाली, "चालव. हळू." मी स्विच लावून वेग अगदी कमी केला. तिनं मनगटावर वरून हात ठेवला. बगळ्यानं पिन उचलली, तिरकी धरली, टेकवली, थांबला, ओढली. भोकात एक बाजू उतरली तसा तिचा अंगठा आपोआप वर झाला, पिन सरळ करायला. बगळ्यानंही त्याच क्षणी सरळ केली.

ती दहा-बारा पिना तसाच हात ठेवून उभी राहिली. तुळशीनं तोंड फिरवलं.

"जास्त वढतो," ती अखेरीस म्हणाली. "इतकी नाय वढायची. काठ झिजंल."

मी ओढ निम्मी केली. तिनं पुन्हा हात ठेवून पाहिलं. "आथा बरं."

मग ती तिच्या जुन्या जागेकडे गेली. कुणी दाखवावं लागलं नाही. स्टूल ओढून बसली. "एक ट्रे दे."

तुळशीनं ट्रे आणला. "काकी, डाव्या अंगाला ठेवलं."

अर्धा तास दोघं काम करत होती, बगळा आणि ती. मी बगळ्याचा वेग नेहमीवर आणला होता. मला वाटलं, ती मोजायला सांगेल, कोण पुढे ते. सांगितलं नाही. ट्रे संपला तशी उठली, पदरानं हात पुसले आणि तुळशीला म्हणाली, "चल. विवळवेढ्याला जाऊन नारळ ठेवू."

मी विचारलं, "मी येऊ तुमच्यासोबत?"

ती आवाजाच्या दिशेला वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. "नको, बाय," म्हणाली. "आज नको."

मागच्या दारानं दोघी गेल्या. मी बगळा बंद केला. माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. दादाचं पत्र आलंय, भुसावळला ये म्हणून. माझ्या जागी येणाऱ्या नव्या माणसासाठी बगळ्याच्या आकड्यांची वही पूर्ण करायची आहे. त्यात आजचा आकडाही लिहिला, ओढ निम्मी. शेजारी 'पुतळी' असं नाव लिहिलं. नवा माणूस विचारेल, हे कुठलं एकक?

बाकावर दोन ट्रे होते, एक तिचा, एक बगळ्याचा. पॅकिंगसाठी मी दोन्ही एकाच पेटीत ओतले. मग वाटलं, तिनं केलेला एक कॉक आपल्याजवळ ठेवावा, म्हणून पेटीत हात घातला. पाच-सहा कॉक उचलून उजेडात धरले, डोळे मिटून बोटांनीही चाचपले. कुठला कुणाचा, काही सांगता येईना.